मामीची दुपार

उन्हाळा लागला की माणसं वैतागतात. माझी मामी खुलायची. थंडी ओसरायला लागली की रोज सकाळी उठल्याबरोबर ती चपला न घालता फरशीवर उभी राहायची. ज्या दिवशी फरशी बोचायची थांबून नुसती गार लागायची, त्या दिवशी स्वयंपाकघरातून जाहीर करायची की आजपासून उन्हाळा. कॅलेंडर काय म्हणतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

मग तो अख्खा दिवस तिचा. जाड पांघरुणं गॅलरीच्या कठड्यावर उन्हात पडायची आणि स्वेटर ट्रंकेत जायचे. बाजारातून एक कलिंगड यायचं आणि मोरीतल्या बादलीत गार पाण्यात बसायचं. मामी डोक्यावरून न्हायची आणि केस मोकळे सोडून गॅलरीत उभी राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याची पर्वा न करता. ऊन चढलं की त्या बाजूच्या खिडक्या बंद, पडदे खाली, आणि मधल्या खोलीची फरशी दोनदा पुसायची. दुसऱ्यांदा पुसताना फडकं पिळायचं नाही, असा तिचा नियम. घरात अर्धा अंधार झाला की त्या फरशीवर अंग टाकायचं. चटई मागितली तर म्हणायची, चटई घालायची असेल तर उन्हाळ्याला बोलावलंच कशाला? पाठीखालची जागा तापली की एक कूस सरकायचं, ती तापली की पुढे. अशा सरकत सरकत आम्ही दोघी दुपारभर भिंतीपर्यंत पोचायचो.

लहानपणी प्रत्येक सुट्टीत मला मामीकडे धाडत. कारण प्रेमाचं असलं तरी दुसरंही होतं. माझं तोंड फटकळ. पाहुण्यांसमोर मी काय बोलेन याची आईला सतत धास्ती असायची. मामीला मूलबाळ नव्हतं आणि तिला माझं तोंड चालायचं. शेजारणीला सांगायची, नणंदेकडून मुलगी उसनी आणली आहे, बोलते फार पण खोटं बोलत नाही.

मामांना सगळे पंखेवाले म्हणत. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. बसायला एक स्टूल, बाकी सगळीकडे पंखे. छताला टांगलेले, भिंतीला टेकवलेले, पोट उघडून तांब्याची तार बाहेर आलेले. लोकांचं कसं असतं, वर्षभर कोपऱ्यात धूळ खात पडलेला पंखा त्यांना पहिल्या उकाड्यालाच आठवतो. मग सगळं गाव एकदमच दुकानावर. म्हणून मामीची फरशी गार लागायला लागली की तिकडे मामांचा हंगाम सुरू व्हायचा. सकाळी डबा घेऊन जायचे ते दिवे लागल्यावर घरी. मी इतक्या सुट्ट्या तिथे काढल्या, पण उन्हाळ्याच्या दुपारी मामांना घरात बघितल्याचं मला आठवत नाही. मामीला सगळ्यात आवडणारे दिवस नेमके मामा नसण्याचे होते.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरातला पंखा? दिव्याखाली अंधार. मधल्या खोलीत छताला जो होता, तो प्रत्येक फेऱ्याला करकरायचा. आधी एक लांब करर्र, मग बारीक टक्, पुन्हा करर्र. मामीनं त्याचं नाव कुरबुरे भावोजी ठेवलं होतं. "गावाचे पंखे फिरतात, आमचे भावोजी रडतात," असं ती मामांना जेवताना ऐकवायची. मामा मान खाली घालून म्हणायचे, उद्या बघतो. त्यांचा संसार सुरू झाला तेव्हापासूनचा तो उद्या होता. हंगामात त्यांना वेळ नसायचा, आणि थंडीत पंखा बंद असल्यामुळे कुणाला आठवण नसायची.

त्या करकरीखाली बसून मामी दुपारी शिंप्याकडची काजं करायची. सुई वर, करर्र, सुई खाली, टक्. हातातले सदरे संपले की तिथेच आडवी व्हायची आणि क्षणात झोपायची. तशी गाढ झोप मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. शेजारी भांड्यांचा ढीग कोसळला तरी तिला जाग यायची नाही.

गेल्या वर्षी थंडीत तिच्या फुप्फुसानं हात टेकले. हॉस्पिटलात नेलं ते तिथेच राहणं झालं. ती खोली चांगली स्वच्छ होती, पण खिडक्या कायमच्या बंद आणि यंत्राचा थंडावा बारा महिने सारखा. बाहेर कुठला ऋतू चाललाय ते आत कळायचं नाही. मामी तिथे झोपेनाशी झाली. औषधानं ग्लानी यायची, पण ती झोप नव्हे. एव्हाना मी त्याच गावात शाळेत शिकवत होते, शाळा सुटल्यावर रोज जायचे. रोज तिचे डोळे छताला लागलेले असायचे. त्या छताला पंखा नव्हता.

उन्हाळा तोंडावर आला तसं तिनं विचारायला सुरुवात केली, बाहेर फरशी कशी लागते? मी सांगितलं, अजून बोचते. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मी सांगितलं, आता गार लागते. त्यावर तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं आणि म्हणाली, "मला बाकी काही नको. एक दुपार घरच्या फरशीवर झोपायचंय."

डॉक्टरीणबाई आधी नाहीच म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांनी मला आणि मामांना बाहेर बोलावलं आणि परवाच्या दिवशी घेऊन जा म्हणाल्या. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं, ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर. काय खायचं, किती चालायचं, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. जे आवडेल ते करू द्या, एवढंच. पथ्य सांगायचं बंद झालं की काय समजायचं ते आम्हा दोघांनाही समजलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

आणि त्यानंतर मामा गायबच झाले. ऐन हंगामात दुकानाला कुलूप, आणि हॉस्पिटलातही त्यांचा पत्ता नाही. मामी विचारायची, मी काहीतरी थाप मारायला जायचे, ती मला जमायची नाही. शेवटी चिडून मी त्यांच्या घरी गेले, चांगले चार शब्द सुनवायचे म्हणून. दारातूनच बघितलं. मधल्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर भावोजी. पाती सुटी करून, घासून, पांढरा रंग देऊन वाळत ठेवलेली. आतली तार नव्यानं गुंडाळलेली. छताच्या हुकातला रबर नवा, बेअरिंग नवं. मामांचे डोळे तांबडे झाले होते. रात्रभर काम चाललं होतं हे सांगायला नको होतं.

माझ्यासमोर त्यांनी पंखा वर चढवला आणि बटण दाबलं.

"ऐक," म्हणाले.

मी कान दिला. काही नाही. वारा येत होता, पाती फिरत होती, पण पंखा घरात आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मामा माझ्याकडे बघत होते. मी सुनवायला आणलेले चार शब्द गिळले आणि म्हटलं, मामी खूश होईल. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं.

तो दिवस उगवला. मी पहाटेच जाऊन पांघरुणं उन्हात टाकली. बादलीत कलिंगड ठेवलं. फरशी दोनदा पुसली, दुसऱ्यांदा न पिळता. मामीला गाडीतून आणलं, खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी जिना चढवला. दारात तिनं खुर्ची थांबवायला लावली, चपला काढल्या आणि पावलं फरशीला टेकवली. मग म्हणाली, "लागला की उन्हाळा. आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, सांगितलं तर होतं. ती म्हणाली, तुझ्या पायांचं मला काय.

केस धुणं झेपण्यासारखं नव्हतं. ओल्या पंच्यानं मी ते पुसले आणि गॅलरीत खुर्चीवर बसवून मोकळे सोडले. फार थोडे उरले होते. तिनं एक बट पुढे घेऊन बघितली आणि आता लवकर वाळतील म्हणाली. कलिंगडाची एक फोड खाल्ली. रस कोपरापर्यंत ओघळला, तो पुसू देईना. बिया गॅलरीतून खाली उडवायला तिनं गाल फुगवले, पण फुंकर पुरली नाही, बी हनुवटीवर चिकटून राहिली. आम्ही तिघंही हसलो. तिला हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना, आणि मी घाबरून सिलिंडर पुढे ओढला.

दुपार झाली. मामांनी गादी आणली होती, ती तिनं परत पाठवली. जुन्या चादरीची एक पातळ घडी तेवढी चालवून घेतली. तिला सावकाश खाली निजवलं. पडदे सोडले. घरात तिच्या आवडीचा अर्धा अंधार झाला. मामा भिंतीपाशी गेले आणि बटण दाबून तिथेच उभे राहिले, निकाल लागायची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

मामीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"अहो, पंखा लावा ना."

"लावलाय."

तिनं वर पाहिलं. पांढरी पाती फिरत होती.

"मग आवाज कुठाय?"

"काढला," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोसमोर छाती काढून उभे होते. "सगळा काढला. आता बोल."

ती वर बघत राहिली. "छान केलंत हो," म्हणाली. मामीचं छान मला ओळखीचं होतं. शिंप्यानं चुकीच्या रंगाचा दोरा पाठवला की ती त्यालाही छान म्हणायची.

तिनं कूस बदलली. मग दुसरी. डोळे मिटून पडून राहिली, पण पापण्या हलत होत्या. घरात सिलिंडरची बारीक फुसफुस तेवढी ऐकू येत होती. हॉस्पिटलात रात्रंदिवस असायची तीच. मामा पाणी आणायला आत गेले तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

"झोप येत नाही गं. तिथल्यासारखंच वाटतंय."

"पंख्यामुळे?"

"हे दुपारी कधी घरी नसायचे. तो करकरत असला की वाटायचं, घरात कुणीतरी आहे. मग डोळा लागायचा."

तिला ते मामांना ऐकवायचं नव्हतं. पण घर केवढं? मामा पाण्याचा पेला घेऊन दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला लिहिता येणार नाही. पेला त्यांनी खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि पंखा बंद करून वर चढले.

पुढचा सगळा वेळ मी बघत होते ते असं. ज्या माणसानं उभा जन्म पंख्यांचे आवाज घालवले, तो एका पंख्याला आवाज आणायला झटत होता. त्यांनी एक स्क्रू सैल केला. पंखा खडखडला. तो घट्ट करून दुसरा सैल केला, तर पातं थरथरायला लागलं. आत भरलेलं ग्रीस रॉकेलनं धुवून काढलं, तरी भावोजी गप्प. जुना रबर आणि जुनं बेअरिंग आदल्या दिवशी भंगारवाल्याला गेलं होतं. मामा दुकानात पळाले आणि घामानं निथळत परत आले, ते दोन्ही मुठींत झिजलेली बेअरिंगं घेऊन. जमिनीवर बसून एकेक कानाशी धरून बोटानं फिरवून बघायला लागले. एक घरघरलं, एक किरकिरलं. ते सगळे दुसऱ्यांच्या घरांतले आवाज होते. ती करकर त्यांच्या हातून पुन्हा होईना. बिघडलेलं दुरुस्त करायला त्यांचे हात शिकले होते, उलटं कुणी शिकवलंच नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि ते कुणाच्या नाही, मामीच्या एकुलत्या एका दुपारीच झालं.

गॅलरीतलं ऊन कठड्यावर आलं होतं. संध्याकाळी परत निघायचं होतं. मामा पुन्हा स्टुलावर चढायला लागले तेव्हा मामी म्हणाली, "अहो, पुरे. लावा तो पंखा तसाच, आणि इथे पडा माझ्याजवळ."

"दुपारी? मी?"

"आज तरी."

मामा आडवे झाले. काळे झालेले हात फरशीला लागू नयेत म्हणून त्यांनी ते पोटावर धरले होते. दुसऱ्याच्या घरी झोपावं तसे ताठ पडले होते. आणि बघता बघता त्यांचे हात घसरले, तोंड उघडं पडलं आणि ते घोरायला लागले.

मला असा संताप आला. तिची एक दुपार, आणि झोपले हे. त्यांना हलवायला मी उठले, तेवढ्यात मामीनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात धरण्याइतकंही बळ नव्हतं, तरी मी थांबले.

"झोपू दे. दोन रात्री जागलेत." मग म्हणाली, "आवाज येतोय ना घरात."

मला वाटलं, आता त्या आवाजावर तिचा डोळा लागेल. लागला नाही. भिंतीला टेकून मी उरलेली दुपार तिच्याकडे बघत होते. ती एका कुशीवर पडून मामांकडे बघत होती. अंगाखालची फरशी केव्हाच तापली असणार, पण ती सरकली नाही. एकदा तिनं हात लांब करून त्यांच्या गालावरचं ग्रीस पुसायचा प्रयत्न केला. ते आणखीनच पसरलं.

उन्हं उतरल्यावर तिनं मला खुणेनं बोलावलं.

"उठले की सांग, मी झोपले होते. अगदी गाढ." आणि म्हणाली, "तू सांग. तुझ्या तोंडावर विश्वास आहे त्यांचा."

मामांची चाळवाचाळव सुरू झाली तसे तिनं डोळे मिटून घेतले. मामा दचकून उठले. आधी ओशाळले, मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली.

"केव्हापासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्या आधीपासून."

मामा तिथेच बसून रडले, आवाज न करता, तिची झोप मोडू नये म्हणून. मामी डोळे मिटून पडून होती. त्या दोघांच्या मधे मी कशी उभी राहिले, माझं मला माहीत.

संध्याकाळी तिला परत नेलं. तो आठवडा काही पुरा झाला नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा तेच सांगत राहिले. शेवटी एक दुपार घरी झोपली, अगदी गाढ झोपली. शेजाऱ्यांना सांगितलं, शिंप्याला सांगितलं, डॉक्टरीणबाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. तेवढं सांगून झालं की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. ऐकणारे माझ्याकडे बघायचे आणि मी हो म्हणायचे.

यंदा उन्हाळा लागला तसं कानावर आलं की पंखेवाले भर हंगामात दुपारी दुकान बंद करतात. गिऱ्हाईकं बोटं मोडत होती. एक जण मला रस्त्यात थांबवून म्हणाला, तुमच्या मामांना म्हातारचळ लागलाय. मी त्याला काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं नाही. पण त्याच दुपारी मी मामांकडे गेले.

जिन्यातच मला ते ऐकू आलं. करर्र, टक्. करर्र, टक्. मी मधेच कठडा धरून उभी राहिले. मग वर गेले. दार उघडं होतं, पडदे सोडलेले होते, फरशी ओली होती. मामा भिंतीला टेकून खाली बसले होते.

"जमलं वाटतं शेवटी," मी म्हटलं.

"मी काही नाही केलं गं. कालपासून आपोआप यायला लागला. नवा रबर बसला असेल." त्यांच्या पायाशी तेलाचा डबा होता, झाकण न उघडलेला. तो त्यांनी पलंगाखाली सरकवला. "एक वर्ष उशिरा आला."

मीही खाली बसले. मग मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"त्या दिवशी ती झोपली होती ना?"

फटकळ माणसानं खोटं बोलायच्या फंदात पडू नये. त्याला नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मला वाटलं, चांगलं ठासून सांगावं, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

"झोपली होती म्हणजे? चांगली घोरत होती. तुमच्या वरताण."

मामा हसले. त्यांना हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"ती कधी घोरायची नाही गं," ते म्हणाले.

वर पंखा करकरत होता. मामा थोडे सरकले आणि आपल्या शेजारच्या फरशीवर हात फिरवून बघितला.

"पड इथे," म्हणाले. "इथली अजून गार आहे."